नमुना क्रमांक सतरा

नाशिक,
रविवार, १२ डिसेंबर १९९९

तीर्थस्वरूप ललिताअक्कास,
धाकट्या दत्तूचा साष्टांग नमस्कार. (नमस्कार खरोखरच घातला आहे. मात्र पेठकडच्या एका खडकावर उजवा गुडघा आपटल्यापासून आठांपैकी सातच अंगं जमिनीला टेकतात, तेव्हा आठवं तू मनाने टेकवून घे.)

तुझे गुडघे, दाजींचा दमा आणि इंदूरची थंडी ही तिन्ही आटोक्यात असतील अशी आशा आहे. इकडे सविता बरी आहे. शाळाही बरी आहे. यंदा दहावीला संस्कृत घेणारी मुलं एकोणीस. त्यांतली अठरा मार्कांसाठी आली आहेत आणि एक चुकून. त्या एकाला मी फार जपतो. तुझं पत्र येऊन अकरा दिवस झाले आणि एवढ्यात उत्तर नाही म्हणजे दत्तूने पत्र टाकायला सवितेकडे दिलं आणि ते तिच्या पिशवीत भाजीखाली राहिलं, असा निकाल तू देऊन टाकला असशील. या खेपेला ती निर्दोष आहे. उत्तर मी लिहीतच नव्हतो. पाच वेळा लिहिलं आणि पाचही वेळा 'इकडील सर्व क्षेम' इथपर्यंत येऊन थांबलो. शेवटी पत्र पोस्टाने पाठवायचंच नाही असं ठरवलं. हे पत्र ज्याच्या हाती दिलं आहे तो तुझ्यासमोर अवघडून बसला असेल. त्याच्याकडे लगेच बघू नकोस. त्याला आधी पोहे दे. त्याच्या पिशवीतल्या बाटल्यांना पत्र संपेपर्यंत हात लावू नकोस.

तू लिहिलं आहेस की आईच्या तोंडी घातलेल्या गंगेतली जी उरली असेल ती जपून पाठव, म्हणजे माझ्या वेळेला कुणाची धावपळ नको. अक्का, हे वाक्य मी अकरा दिवस रोज वाचलं. त्या तेरा दिवसांत भेटायला आलेल्या प्रत्येकाला तू एकच सांगायचीस, "मी नाही पोचले, पण माझी गंगा पोचली." हे वाक्य सुरू झालं की मी पाहुण्यांसाठी पाणी आणायला आत जायचो. दत्तू किती बदलला, न सांगता उठून पाणी देतो, असं तू सवितेजवळ माझं कौतुकही केलंस. तेव्हा मला निम्मीच गोष्ट माहीत होती, पण तेवढीही तिथे बसवू देईना.

ती निम्मी गोष्ट अशी. तू एक्क्याण्णव साली काशीहून आणलेला तो तोंड बंद केलेला तांब्याचा गडू आपल्या देवघरात, गणपतीच्या उजव्या हाताला, आठ वर्षं होता. गेल्या श्रावणात तो बुडाशी पाझरू लागला. आईच म्हणाली, "दत्तू, ललिताची गंगा माझ्याआधीच निघाली बघ." आता हे तुला कळवलं असतं तर तू दाजींचा दमा खांद्यावर टाकून दुसऱ्यांदा काशीला निघाली असतीस. म्हणून मी गडू उघडला आणि आतलं पाणी एका चांगल्या, घट्ट झाकणाच्या, काचेच्या लहान बाटलीत ओतलं. बाटलीवर माझ्या वळणदार अक्षरात 'गंगा, काशी, १९९१' अशी चिठ्ठी शाळेतल्या डिंकाने चिकटवली. तुला मात्र सांगितलं की गडू आई गेली त्या सोमवारी उघडला आणि उरलेलं पाणी मागाहून बाटलीत ओतलं. हे माझं पहिलं खोटं. ती बाटली मी धनराजकडून मागून घेतली, आणि पुढचं सगळं त्या बाटलीमुळे झालं.

धनराज म्हणजे तुझ्यासमोर पोहे खात बसलेला तो. देवळ्याचा. आठवीत असताना कांद्याच्या टेम्पोत पुढे ड्रायव्हरशेजारी बसून नाशकात शिकायला आला होता. मी त्याला संस्कृतात दोनदा नापास केलं. त्याचा सूड म्हणून तो भौतिकशास्त्राचा प्राध्यापक झाला. सध्या तो जिल्ह्यातल्या विहिरी, बोअर आणि झरे यांचं पाणी तपासत फिरतो. पाण्यात काय शोधतोस असं मी विचारलं तेव्हा 'किरणोत्सर्ग' हा शब्द त्याने इतक्या सहजपणे उच्चारला की सवितेने चुलीवरचं पाणी ओतून दिलं. (गेल्या वर्षी पोखरण झाल्यापासून ती या बाबतीत सावध आहे.) मग त्याने समजावून सांगितलं. पृथ्वी झाली तेव्हापासून खडकात थोडं युरेनियम आहे. ते हळूहळू क्षीण होतं आणि त्याचं रेडियम होतं. रेडियमपासून रेडॉन नावाचा वायू होतो आणि तो जमिनीतल्या पाण्यात मुरतो. आपल्याकडच्या काळ्या खडकात हे सगळं इतकं कमी की भिण्यासारखं काही नाही, पण किती कमी ते कुणी नीट मोजलेलं नाही म्हणून तो मोजतो. त्यांच्या शास्त्रात रेडियमला आई आणि रेडॉनला मुलगी म्हणतात. मी म्हणालो, संस्कृतात पाण्याला वारि, तोय, सलिल, अंबु, उदक असे ढीगभर शब्द आहेत, पण पाण्याला मुलगी असते हे आमच्या कोणत्याही आचार्यांच्या लक्षात आलं नाही. धनराज हसला नाही. तो संस्कृतात नापास झाला होता ते उगीच नाही.

आता ही मुलगी अल्पायुषी. खडकातून बाहेर आलेल्या पाण्यातला रेडॉन चार दिवसांत निम्मा होतो, पुढच्या चार दिवसांत त्याच्या निम्मा, असं करत महिनाभरात संपतो. म्हणून बाटली पाण्यात बुडवूनच भरायची, झाकणही पाण्याखालीच लावायचं, आत हवेचा मोहरीएवढाही बुडबुडा राहू द्यायचा नाही, आणि दोन-तीन दिवसांत मोजून मोकळं व्हायचं. बाटली मध्ये उघडली की संपलं. वायू हवेत जातो आणि उरतं ते नुसतं पाणी.

त्याला कुठले झरे तपासावेत ते कळेना, तेव्हा आईने त्याला घरबसल्या एक झरा सांगितला. आजोबा पेठकडच्या ज्या पाड्यावर शाळामास्तर होते, तिथली उंबराची झिरी. आई बाराव्या वर्षापर्यंत ते पाणी प्यायली. नाशिकच्या नळाच्या पाण्याबद्दल तिचं मत तुला ठाऊक आहे: "याला चव नाही, हे नुसतं ओलं आहे." साठ वर्षं ती हे म्हणत आली. साठ वर्षांत तिला तिथे घेऊन जावं असं ना बाबांना सुचलं, ना तुला, ना मला. धनराज मात्र मलाच ओढून घेऊन गेला, कारण गावात कागद दाखवला की लोक लांब जातात आणि मास्तर दिसला की जवळ येतात, असा त्याचा अनुभव.

शनिवारी, तीस ऑक्टोबरला आम्ही त्याच्या स्कूटरवरून निघालो. मांडीवर बाटल्यांचं खोकं घेऊन घाटातून जाताना मी जितकी स्तोत्रं म्हटली तितकी गेल्या दहा वर्षांत एकत्र म्हटली नसतील. वाटेत दोन विहिरी आणि एक बोअर उरकून दुपारी झिरीवर पोचलो. अक्का, जागा आईने सांगितली तशीच आहे. उंबर आहे, खाली कातळात हातभर खोल डबकं आहे, आणि एका फटीतून करंगळीएवढी धार येते. धनराज पालथा पडून बाटली बुडवत होता आणि मी त्याचे पाय धरून उभा होतो. विज्ञानाला माझी एवढीच गरज होती आणि तेवढ्यातही मी घसरलो. (गुडघ्याचं वर आलंच आहे.) पाड्यावरचा कोंडाजी नावाचा म्हातारा हे सगळं विडी ओढत बघत होता. "पान्यात बाँब हाय का, मास्तर?" त्याने विचारलं. मी नाही म्हणालो. "मंग सोनं?" तेही नाही. त्याने विचार केला. "मंग वास घेत नाय, चव घेत नाय, बाटलीत कोंडून नेता. पियाला नाय घेत का?" आम्ही हसलो. धनराजला वेळ टिपायची होती, अंधार व्हायच्या आत घाट उतरायचा होता. आम्ही ते पाणी प्यालो नाही. चार खणांचं खोकं भरलं, चिठ्ठ्या माझ्या अक्षरात लावल्या (धनराजचं अक्षर यंत्रालाही वाचता येत नाही), आणि परतलो. चौदा, पंधरा आणि सोळा हे बाकीचे तिघे. 'नमुना क्र. १७, उंबराची झिरी' हा आईचा.

कॉलेजची प्रयोगशाळा शनिवारी दुपारी कुलूपबंद होते ती सोमवारी उघडते. बाटल्या गार आणि न हलणाऱ्या जागी ठेवायच्या होत्या. आपल्या घरात अशी जागा एकच, देवघराचं दगडी फडताळ. तिथे त्या चारही बाटल्या तुझ्या गंगेशेजारी बसल्या. पाचही बाटल्या एकाच घडणीच्या, पाचांवर माझंच अक्षर.

आई भिंतीला धरून आली. सतरा नंबरची बाटली तिने दोन्ही हातांत घेतली आणि उजेडाला धरून पाहिली. मग म्हणाली, "दत्तू, घोटभर दे." मी तिला अर्धा तास शास्त्र समजावून सांगितलं, अक्का. बुडबुडा, निम्मं आयुष्य, आई आणि मुलगी, सगळं. उद्या-परवा तुझ्यासाठी वेगळं आणतो, कळशीभर आणतो म्हणालो. तिने शांतपणे ऐकून घेतलं. मग फडताळाकडे बघत म्हणाली, "ललिताची बाटली उघडायची नाही, तुझी पण उघडायची नाही. मग पाणी ठेवलंय कशाला?" मी हसलो. कोंडाजीचाच प्रश्न, आज दुसऱ्यांदा, असं मनात म्हणालो.

पुढचं तुला माहीत आहे. रविवारी सकाळी ती उठली आणि उठता उठताच खाली बसली. दुपारपासून बोलणं बंद. डॉक्टर येऊन गेले आणि मी तुला फोन केला. सोमवारी सातला धनराज बाटल्या न्यायला आला, दारातूनच सगळं समजला, आवाज न करता फडताळातून चार बाटल्या काढून घेऊन गेला. साडेनऊच्या सुमाराला श्वास बदलला. सवितेने तुळशीचं पान आणलं. मी 'गंगा, काशी, १९९१' ही बाटली उघडली आणि पळीभर पाणी तिच्या ओठांत सोडलं. तिने ते गिळलं. जीभ ओठांवरून फिरवली. मग आदल्या दुपारपासून बंद असलेल्या तोंडाने ती म्हणाली, "गार आहे." आणि थोड्या वेळाने म्हणाली, "अजून."

शेवटच्या गंगेला कुणी 'अजून' म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. चार पळ्या दिल्या. पाचवी ओघळली. तू त्या दिवशी संध्याकाळी पोचलीस तेव्हा मी हेच सांगितलं, आणि तू डोळे पुसून म्हणालीस की आईने माझी गंगा मागून घेतली. तेव्हा मलाही तसंच वाटत होतं.

यंदा घरात दिवाळी नव्हती. तेरावा झाला, तू गेलीस, आणि दुसऱ्या दिवशी धनराज वही घेऊन आला. तेरा दिवस तो रोज येऊन ओट्यावर बसून जायचा. मला वाटायचं, गुरुप्रेम. निम्मं तेही असेल. निम्मं म्हणजे त्याच्या वहीतली सतरा नंबरची ओळ. त्यांची रीत अशी की पाण्यातून हवा फसफसवून तो वायू एका बंद डब्यात घ्यायचा, तीन तास थांबायचं, आणि मग डब्याच्या आतल्या लेपावर किती ठिणग्या पडतात ते यंत्राने मोजायचं. बाकी तीन बाटल्यांत ठिणग्या व्यवस्थित होत्या. सतरामध्ये काहीच नाही. बाटलीत बोराएवढा बुडबुडा होता हे त्याने नेतानाच पाहिलं होतं, पण ती विचारायची वेळ नव्हती. आपणच नीट भरली नसेल असं समजून तो एकटा पुन्हा झिरीवर जाऊन आला. नव्या बाटलीत ठिणग्याच ठिणग्या, सगळ्या तालुक्यात जास्त. "सर," तो म्हणाला, "तुमच्या सतरामधलं पाणी झिरीचं नाही. ते म्हातारं पाणी आहे. नदीचं असेल नाहीतर वर्षानुवर्षं कोंडलेलं."

आम्ही दोघांनी एकदमच फडताळाकडे पाहिलं. तिथे उघडलेली, निम्मी राहिलेली एकच बाटली होती.

अक्का, लिहून टाकतो. तुझी गंगा कॉलेजात गेली. आईच्या तोंडात गेलं ते उंबराच्या झिरीचं पाणी. चिठ्ठ्या माझ्या अक्षरातल्या, चिकटवल्या मी, ठेवल्या मी, तेव्हा चूकही माझीच. (धनराज म्हणाला की त्या पाण्याने काही अपाय होत नाही, चार पळ्यांनी तर नाहीच. मी त्याला म्हणालो, बाळा, तेवढी काळजी आता नको.) तू काशीहून डोक्याशी ठेवून आणलेली गंगा तुझ्याआधी पोचली या एका गोष्टीवर तू तेरा दिवस काढलेस. ती मी तुझ्याकडून काढून घेतो आहे. गप्प बसून निम्मी बाटली पाठवली असती तर तुला कधी कळलं नसतं. पण मग तुझ्या शेवटच्या वेळी तुझी मुलं तुझ्या तोंडात काय घालतील ते जगात मला एकट्यालाच ठाऊक असलं असतं, आणि एवढं ओझं घेऊन मला सात अंगांनीही नमस्कार घालता आला नसता.

एक हिशेब मात्र तुला सांगतो, तुला आवडेल. चार दिवसांत निम्मं या दराने तेराव्या दिवशी रेडॉनचा दहावा हिस्सा उरतो. आपल्या पूर्वजांनी सुतकाचे दिवस कोणत्या यंत्रावर मोजले होते कोण जाणे. मी धनराजला विचारलं, की मग आज एकेचाळीस दिवस झाले, माझ्यापाशी किती उरलं असेल? तो म्हणाला, सर, तो वायू जातो म्हणजे नाहीसा होत नाही. शेवटी त्याचं शिसं होतं, आणि ते तसंच राहतं. संस्कृतात नापास झालेला मुलगा हे बोलला. मी त्याचे तेव्हाचे मार्क मनातल्या मनात वाढवले.

दाजींना नमस्कार. मुलांना आशीर्वाद. रागावून लिहिलंस तरी चालेल, पण लिही.

तुझा,
दत्तू

ता. क. सविता म्हणते, अर्धं खरं लिहून पत्र बंद करू नका. तेव्हा ऐक. सतरा नंबरची बाटली परत देताना धनराजने विचारलं होतं, "सर, तुम्ही चिठ्ठ्या भाताने चिकटवता का?" मी पाहिलं. 'नमुना क्र. १७' या माझ्या सुंदर अक्षरामागे डिंक नव्हता. शितं चेचून लावलेली होती, एक तर अख्खं होतं. गंगेच्या चिठ्ठीमागेही तेच. आपल्या घरात भाताने पाकिटं कोण चिकटवायचं ते तुला सांगायला नको. शनिवारी जेवणं झाल्यावर आई देवघरात तासभर बसली होती. मला वाटलं, जप करते आहे.

ता. क. २. तिच्यावर रागावू नकोस. म्हणून तर वर चूक माझ्या नावावर लिहिली. तुझी गंगा तिला नको होती असं नाही. रविवारी आम्ही शाळेच्या स्नेहसंमेलनाच्या बैठकीला गेलो असतो, तेवढ्यात घोटभर पिऊन (कुणी पाहिलंच असतं तर ती गंगा प्यायली आणि माझी सतरा भरलेलीच) सोमवारच्या आत तिने चिठ्ठ्या पुन्हा जागच्या जागी लावल्या असत्या. लाडू खाऊन डबा वरून सारखा दिसेल असा ती मांडून ठेवायची, आठवतं? तिला फक्त रविवार मिळाला नाही.

ता. क. ३. धनराजच्या पिशवीत दोन बाटल्या आहेत. एकीत झिरीचं उरलेलं पाणी आहे. दुसरीत तुझ्या गंगेतलं उरलेलं, कारण यंत्राला थोडंच लागतं आणि बाकीचं त्याने फेकलं नव्हतं. दोन्हींच्या चिठ्ठ्या मी काढून घेतल्या आहेत (भाताची चिठ्ठी माझ्या संध्येच्या पोथीत आहे, ती मागू नकोस). बाटल्या दोन्ही निम्म्या, पाणी दोन्ही नितळ. कोणती कुठली ते आता मलाही सांगता येत नाही. धनराजला विचारून उपयोग नाही. महिना उलटला, झिरीचं पाणीही आता गंगेइतकंच म्हातारं झालं, त्याच्या यंत्राला दोन्ही सारखीच. तेव्हा माझी विनंती एवढीच की यातलं काहीही शेवटासाठी ठेवू नकोस. पोह्याची बशी उचललीस की दोन्हींतलं पळी-पळीभर आजच पी. सविता उकळून घ्या म्हणेल, उकळू नकोस. आणि गार कोणतं लागलं ते एका कार्डावर कळव. धनराजला वहीत टिपायचं आहे असं मी त्याला बोलायला सांगितलं आहे, पण ते मलाच हवं आहे.